अ‍ॅझाथायोप्रिनआधीची जीन तपासणी: नुसत्या टीपीएमटीवर भागवू नका

लातूर, परभणी, नांदेडच्या कलेक्शन सेंटरवर रक्त द्यायचं, नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला जातो, रिपोर्ट मोबाइलवर येतो. तपासणी कामाची आहे. पण पॅकेज निवडताना बघून घ्या.

अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मर्कॅप्टोप्युरिन (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) पेशीत गेलं की त्याचा थायोग्वानिन ट्रायफॉस्फेट बनतो. हा ग्वानिनचं, म्हणजे डीएनएतल्या एका घटकाचं, सोंग घेऊन डीएनएत घुसतो. एनयूडीटी-१५ हे एन्झाइम त्याचे दोन फॉस्फेट तोडून त्याला मोनोफॉस्फेटवर आणतं, मग तो डीएनएत जोडला जात नाही. जीनमध्ये ४१५व्या जागी सीऐवजी टी असेल तर हे एन्झाइम टिकत नाही. नेहमीच्या डोसलाच पांढऱ्या पेशी कोसळतात, केस गळतात. हा बदल युरोपियनांत दुर्मीळ, आपल्याकडे टीपीएमटीच्या (ही औषधं निकामी करणारं दुसरं एन्झाइम) दोषापेक्षा जास्त आढळतो. म्हणून 'टीपीएमटी नॉर्मल' एवढाच रिपोर्ट म्हणजे अर्धंच काम. स्वस्त पॅकेजात नेमकं एनयूडीटी-१५ गाळलेलं असतं, आमची मोठी तक्रार तीच.

नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत, २-३ मिली. नळी ८-१० वेळा हळू उलटसुलट करायची, नाहीतर गुठळी होते. हिरव्या झाकणाची नळी नको, त्यातलं हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, अडवतं. मे महिन्यातल्या उन्हात आइसपॅक लागतोच, पण नळी त्याला थेट चिकटवू नका. मध्ये कागद घाला, रक्त गोठवायचं नाही. शनिवारी संध्याकाळी नमुना दिला तर तो रविवारभर कुरिअरमध्ये पडून राहतो, सोमवारी सकाळी द्या. नुकतंच रक्त चढवलं असेल तर टीपीएमटीची एन्झाइम-पातळी मोजू नका, दात्याच्या लाल पेशी मोजल्या जातात. अशा वेळी जीन तपासणीच मागा.

रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा. सीसी (दोन्ही प्रती नेहमीच्या), सीटी (एक बदललेली) की टीटी (दोन्ही बदललेल्या), हे स्पष्ट हवं. सीटी असेल तर सीपीआयसीच्या (जीन बघून औषधाचा डोस सुचवणारा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट) मार्गदर्शनाप्रमाणे नेहमीच्या डोसच्या ३० ते ८० टक्क्यांवर सुरुवात; टीटी असेल आणि आजार आतड्याचा किंवा ल्युपसचा असेल तर औषधच बदलतात. डोस अर्थातच डॉक्टर ठरवणार.

या तपासणीला गुण पाचपैकी साडेतीन. एक गुण पॅकेजच्या लबाडीचा कापला, अर्धा यासाठी की सीसी आला तरी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सुटत नाही: पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी. गाउटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर ते आधी सांगा. त्याने झँथीन ऑक्सिडेज हे औषध मोडणारं एन्झाइम अडतं, आणि अ‍ॅझाथायोप्रिनचा डोस पाव ते तिसरा हिस्सा करावा लागतो. हे कुठल्याच जीन रिपोर्टवर छापलेलं नसतं.