स्वेच्छानिवृत्ती घ्यावी की कामगारकपातीची वाट पाहावी?

2019 मध्ये वाहनविक्री घसरली तेव्हा चाकण-पिंपरीतल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत आधी कंत्राटी कामगार घरी गेले, मग कायम कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म आला. मंदीत असा फॉर्म समोर आला की सही करायची का, हा पेच पडतोच.

पैसा: कपातीत कायद्याने किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचं वेतन. दहा वर्षांना 150 दिवस. स्वेच्छानिवृत्तीचा आकडा याहून बराच मोठा नसेल तर सही कशाला? ग्रॅच्युइटी दोन्हीकडे सारखीच. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 20,000 आणि दहा वर्षं सेवा असेल तर सुमारे 1,15,385. ती ‘पॅकेज’मध्ये मिसळून आकडा फुगवला जातो, म्हणून आधी वजा करा.

ईएसआय (कामगार राज्य विमा): इथे लोक हमखास फसतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगारीत 90 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या 50 टक्के मिळतात, पण स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना नाही.

दाद: कपातीत ‘शेवटी आलेला आधी जाणार’ हा क्रम मोडला तर भांडता येतं. सही केल्यावर तो दावा फार दुबळा होतो.

वेळ: स्वेच्छानिवृत्तीत पैसे लवकर हाती येतात. कपातीचा वाद वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो, आणि कारखाना दिवाळखोरीत गेला तर इतर देणेकऱ्यांबरोबर पैशांसाठी रांगेत उभं राहावं लागतं.

दुसरी नोकरी ठरलेली असेल, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असतील किंवा मालकच डबघाईला आला असेल, तर स्वेच्छानिवृत्ती. सेवाज्येष्ठता चांगली, कारखाना तग धरणारा आणि युनियन जागी असेल, तर थांबावं.