बोटीतून पाहायला दुर्बीण: निकॉनच्या तीन मॉडेलांची तुलना

नागपूरजवळच्या पेंच जंगलात, कोलितमाऱ्याच्या बोटीतून पाण्याचा काठ न्याहाळायचा असेल, तर १०×४२ दुर्बीण घेऊ नका. (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) इंजिनाची थरथर आणि पाण्याचा हेलकावाही दहापट होतो. काठावरचं चितळ दिसतं, पण नजरेत ठरत नाही. ७ किंवा ८ पट पुरे.

निकॉनची तीन मॉडेलं घेऊ. तिन्ही वॉटरप्रूफ, आतून वाफ धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली.

ॲक्शन ईएक्स ७×५० समुद्री पठडीतली. ५० भागिले ७, म्हणजे डोळ्याशी येणारा उजेडाचा गोल ७.१ मिलिमीटर. बोट हलून डोळा जरा सरकला तरी चित्र काळं पडत नाही, हा तिचा खरा गुण. अंधुक उजेडात ती सरस, पण भर उन्हात आपली बाहुलीच २-३ मिलिमीटर उघडते, मग दिवसाच्या फेरीत तो फायदा वाया. वजन किलोभर, दृश्यकोन ६.४ अंश, म्हणजे १००० मीटरवर ११२ मीटरचा पट्टा. मोनार्क एम५ ८×४२ चाही कोन नेमका तेवढाच, वजन मात्र ६३० ग्रॅम. चष्मा असेल तर हीच घ्या. आय रिलीफ, म्हणजे काचेपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १९.५ मिलिमीटर आहे.

बाकीच्यांनी ॲक्शन ईएक्स ८×४० घ्यावी. ८.२ अंश, १००० मीटरवर १४३ मीटर! उठलेला बदकांचा थवा डोलत्या बोटीतूनही पटकन सापडतो. कडेला चित्र मऊ पडतं आणि वजन ८५५ ग्रॅम आहे, चालवून घ्या.

दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा फोकस असलेली मॉडेलं जहाजावर छान: एकदा जुळवली की दूरचं सगळं स्पष्ट. पण बोट काठाला लागली आणि दहा मीटरवर खंड्या बसला, की दोन्हीकडे फिरवत बसा, तोवर तो उडालेला असतो. होकायंत्रवाल्या मॉडेलांवर तर इथे पैसे घालूच नयेत, दोन्ही काठ दिसतात की.

नागपुरात बर्डीच्या बाजारात घ्यायला गेलात तर लाल चकाकीच्या काचा आणि ३०×६० चे आकडे बाजूला सारा. दुकानाबाहेर येऊन समोरच्या गच्चीची आडवी कड पाहा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. दोन्ही नळ्यांत कड एकाच उंचीवर हवी. वरखाली दिसली तर प्रिझम, म्हणजे आतली चित्र सुलटं करणारी काच, सरकलेलं आहे; अशी दुर्बीण थोड्याच वेळात डोकं धरायला लावते. मग ती हातभर लांब, आकाशाकडे रोखून धरा: डोळ्याकडच्या काचेतला उजेडाचा गोल कडेला कापल्यासारखा चौकोनी दिसला, तर प्रिझमची काच हलक्या प्रतीची.

बोटीत आधी लाइफ जॅकेट, मग गळ्यात पट्टा, तोही आखूड. कोपरं कठड्यावर टेकवू नका, इंजिनाची थरथर तिथूनच हातात येते, बरगड्यांना चिकटवा. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर बाहेरच्या काचांवर वाफ धरते, नायट्रोजन ती रोखत नाही. लगेच पुसू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. आणि मे महिन्यात दुर्बीण डॅशबोर्डवर नको.