मोहरचे कडे की विकलोचे डोंगर? डब्लिनहून एका दिवसाची बस निवडताना

मुलाकडे किंवा मुलीकडे डब्लिनला आलेले आईबाबा असोत, नाहीतर ऑफिसच्या कामाला आलेलं कुणी असो, शेवटी हातात एकच मोकळा दिवस उरतो आणि प्रश्नही तोच असतो: पश्चिम किनाऱ्यावरच्या मोहरच्या कड्यांची टूर घ्यायची की जवळच्या विकलोच्या डोंगरांची नि तिथल्या ग्लेंडालॉख दरीची? दोन्ही मी ग्रुपबरोबर, बसनेच केल्या आहेत. आता कुणी विचारलं तर मी विकलो सांगतो. का, ते लिहितो. तुमचं मत वेगळं पडू शकतं.

मोहरचे कडे भव्य आहेत, यात वादच नाही. सर्वांत उंच जागी २१४ मीटर, लांबी सुमारे १४ किलोमीटर, खाली सरळ अटलांटिक. हवा स्वच्छ असेल तर समोर आरन बेटं दिसतात, मे-जूनमध्ये गेलात तर कपारीत पफिन पक्षी. वाटेत बरन लागतं. मैलोन् मैल उघडा, राखाडी चुनखडीचा खडक आणि त्याच्या भेगांतून मे महिन्यात उगवलेली जेंशियनची गडद निळी फुलं. असा भूप्रदेश मी दुसरीकडे पाहिलेला नाही. दुपारी डूलिन गावात जेवण, आणि शाकाहारी असलात तरी भाज्यांचं गरम सूप नि जाडसर ब्राउन ब्रेड मिळतो, उपाशी राहत नाही.

मग अडलं कुठे? मोटरवेवर. सकाळी सातच्या सुमारास निघालेली बस देशाच्या या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जाते आणि संध्याकाळी तेवढंच अंतर परत कापते. जाता-येता मिळून सहा-सात तास सहज जातात, आणि त्यातला बहुतेक वेळ खिडकीबाहेर दिसतं काय, तर रस्त्याकडेचा गवताचा उतार, एका रांगेत लावलेली झाडं आणि पुढच्या एक्झिटचा निळा बोर्ड. गावं बाजूला ठेवूनच हा रस्ता काढलाय, त्यामुळे खेडं असं दिसतच नाही. काही टूर मनीगॉलला थांबतात. ओबामांच्या आईकडचे एक पूर्वज या गावचे, २०११ मध्ये ते स्वतः इथे येऊन गेले, आणि मोटरवेलगतच्या थांब्याला त्यांचंच नाव आहे. कॉफी होते, पाय मोकळे होतात, पण गाव राहतं पलीकडेच. मी गेलो होतो आयर्लंडचा ग्रामीण भाग बघायला, आणि दिवसातला सर्वांत मोठा तुकडा त्याच्या बाजूने वेगाने पुढे जाण्यात गेला. हे मला फार लागलं.

त्यात हवामान. कड्यांवर दीड-दोन तास मिळतात, आणि नेमकं त्याच वेळी धुकं चढलं तर पावसाळ्यात कोकणकड्यावर होतं तेच होतं: समोर नुसता पांढरा पडदा आणि खालून आवाज. थांबून वाट बघू म्हणावं, तर बसची वेळ झालेली असते. ज्यांना लख्ख ऊन मिळालं त्यांना हा सगळा प्रवास नक्कीच सार्थकी वाटला असेल.

विकलोची बस शहर सोडते आणि तासाभरात खिडकीबाहेर हेदरची खुरटी झुडपं, पीटची (कुजलेल्या वनस्पतींची) काळी जमीन आणि पाठीवर रंगाचे ठिपके मारलेल्या मेंढ्या दिसायला लागतात. सॅली गॅप या खिंडीकडे जाणारा अरुंद डोंगरी रस्ता हा जुना मिलिटरी रोड. १७९८ च्या उठावानंतर डोंगरात लपलेल्या बंडखोरांना गाठण्यासाठी इंग्रजांनी तो बांधायला घेतला. इथे बस हळू चालते, चालवणाराच बहुधा गाइड असतो, आणि तो ज्याबद्दल बोलतोय ते त्याच क्षणी बाहेर दिसत असतं. वरून लॉख टे हे तळं दिसतं, काळंभोर पाणी आणि एका टोकाला पांढरी वाळू. बिअरवाल्या गिनेस घराण्याच्या इस्टेटीसाठी ती मुद्दाम आणून टाकलेली.

ग्लेंडालॉख म्हणजे दोन तळ्यांची दरी. संत केविनने सहाव्या शतकात इथे मठ स्थापला. दगडी दुहेरी कमानीतून आत शिरलं की उजव्या हाताला भिंतीत एक मोठी शिळा आहे, तिच्यावर क्रूस कोरलेला. ती ओलांडली की माणसाला अभय, असा त्या खुणेचा अर्थ. पुढे सुमारे ३० मीटर उंचीचा गोल मनोरा, ज्याचं दार जमिनीपासून साडेतीन मीटर वर आहे. त्या दाराखाली उभं राहून वर बघत मी बराच वेळ काढला, कुणी घाई केली नाही. तिथून वरच्या तळ्यापर्यंत झाडीतून सपाट वाट जाते, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल अशी. पाऊस तिथेही आला, पण पावसात ती दरी आणखी गडद होते, दिसेनाशी होत नाही.

ज्यांना समुद्र आणि उंचीच हवी आहे, त्यांना विकलो कदाचित सौम्य वाटेल. त्यांच्याकडे दोन दिवस असतील तर त्यांनी आधी रेल्वेने गॉलवेला जाऊन तिथे मुक्काम करावा आणि मोहरची बस गॉलवेहून घ्यावी. मोटरवे टळतो, किनाऱ्याचा रस्ता मिळतो. एकच दिवस असेल आणि मुक्काम डब्लिनलाच असेल, तर माझ्या मते विकलो. फक्त बुकिंग करताना ग्लेंडालॉखला किती वेळ देतात ते बघून घ्या. त्याच दिवसात किलकेनी शहरही घालणाऱ्या टूर आहेत, त्यात वरच्या तळ्यापर्यंत निवांत चालत जाणं कठीण होतं.