ओढ्याकाठी बारीक पट्टा की क्रेपचा रुंद पट्टा? दोन्हीसोबत राहून झालेलं मत

वॉशिंग्टन राज्यात सिएटलजवळच्या मन्रो, डव्हॉल, कार्नेशन या बाजूला पाच-दहा एकर घेतलेली आपली मंडळी भेटली की गप्पा फिरून फिरून ओढ्यावर येतात. सॅमन माशांसाठी काठाला झाडं लावायची हे सगळ्यांना मान्य असतं, प्रश्न एवढाच की स्वतः पदरमोड करून पंधराएक फुटांचा पट्टा सोडायचा आणि कुंपण घालून मोकळं व्हायचं, की क्रेपमध्ये (CREP, ओढ्याकाठची जमीन झाडांसाठी राखायला पैसे देणारी सरकारी योजना) जाऊन रुंद पट्टा दहा-पंधरा वर्षांसाठी बांधून द्यायचा. आमच्याकडे योगायोगाने दोन्ही आहे. ओढ्याच्या वरच्या भागात आधीच्या मालकाने केलेला बारीक पट्टा होता तो तसाच ठेवला, आणि खालच्या भागात आम्ही क्रेप केलं. त्यामुळे खाली लिहितोय ते मोजमाप नाही, रोज बघून झालेलं मत आहे, तुमचा ओढा वेगळा असेल तर तुमचं वेगळं होईल.

पैशाचं पटकन उरकतो कारण ते कॉन्झर्वेशन डिस्ट्रिक्टवाले (माती-पाणी जपायला जमीनवाल्यांना मदत करणारी स्थानिक संस्था) नीट समजावून सांगतात. क्रेपमध्ये रोपं, कुंपण, जनावरांना ओढ्यापासून लांब पाणी पाजायची सोय, याचा खर्च जवळजवळ पूर्ण निघतो, वर दर वर्षी एकरी भाडं मिळतं आणि सुरुवातीची काही वर्षं निगराणीचेही पैसे येतात. बारीक पट्ट्यात सगळं आपल्या खिशातून, पण कागद नाहीत आणि कुणाला विचारायचं नाही. क्रेपचे कागद बरेच आहेत, आणि करार मधेच मोडला तर घेतलेले पैसे व्याजासकट परत करावे लागतात, जमीन विकली तर नव्या मालकाने करार चालवायला हवा नाहीतर तेच. पाच वर्षांत विकून ऑस्टिनला जायचा विचार असेल तर हे आधी नीट वाचा.

जमीन किती जाते हा मुद्दा लोक फार धरतात. क्रेपचा पट्टा ३५ फुटांपासून १८० फुटांपर्यंत असू शकतो आणि ओढ्याच्या दोन्ही बाजूंना धरला तर लहान जमिनीवर ते डोळ्यात भरतं. आमच्याकडे शेजाऱ्याच्या कालवडी चरायला येतात, त्यांचं कुरण कमी झालं, हे खरंच आहे. पण खरं सांगायचं तर ओढ्यालगतची ती जागा नोव्हेंबर ते एप्रिल चिखलच असायची, तिथे गाय घातली की कुरणाचाही सत्यानाश आणि ओढ्याचाही.

आता गवत. रीड कॅनरीग्रास ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, माणसाच्या उंचीचं होतं, रोपं दाबून टाकतं आणि लहान ओढा असेल तर पात्रातच उगवून पाणी अडवतं. त्याला मारायचा टिकाऊ उपाय म्हणजे सावली. आणि इथे बारीक पट्टा मार खातो, कारण झाडांची एक-दोन रांगांची भिंत असली की बाजूने ऊन येतच राहतं, म्हणजे वरच्या भागात अल्डर चांगले उंच झालेत तरी त्यांच्या पायाशी गवत मजेत आहे, आणि दर उन्हाळ्यात कापायला आपणच. खालच्या भागात विलो आणि डॉगवुड एकमेकांत शिरल्यावर आत गवत विरळ होत गेलं. सगळं गेलं असं म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये पाण्यात पाय घातला तर खालच्या भागात गार वाटतं, वरच्या भागात तेवढं नाही. थर्मामीटर लावलेला नाही, पण राज्याचं जिथे कडक मानक आहे तिथे पाणी १६ अंश सेल्सियसच्या आत हवं असतं, आणि कोहो जातीच्या सॅमनची पिल्लं समुद्रात जायच्या आधी वर्षभर तरी ओढ्यातच काढतात म्हणजे ऑगस्ट त्यांना चुकत नाही. चम किंवा पिंक या दुसऱ्या जातींचं तसं नसतं, ती पिल्लं बाहेर आली की लगेच खाली निघतात. आपल्यासारख्या बारक्या ओढ्यात बहुतेक कोहोच असतात, १९९९ साली संरक्षित यादीत गेलेला प्युजेट साउंडचा (सिएटलजवळच्या खाडीचा) चिनूक सॅमन मोठ्या पाण्यातला.

पण एवढ्यावरून मी ठरवलं नसतं. ठरवलं ते कुंपणाने.

बारीक पट्टा म्हणजे कुंपण ओढ्याला चिकटून. नोव्हेंबरात मोठा पाऊस झाला की ओढा काठ सोडतो, हे इथे काही अपवाद नाही, आणि पाण्याबरोबर ते वाळकं कॅनरीग्रास, फांद्या, कुणाच्या तरी बागेतली प्लॅस्टिकची कुंडी, सगळं येऊन तारेला अडकतं. गवत तारेत इतकं घट्ट विणलं जातं की हाताने ओढून निघत नाही, कोयता लागतो. तारेची भिंत झाली की पाणी तिला ढकलतं, खांब वाकतात, एखादा मुळासकट निघतो आणि तारेला लोंबकळत पात्रात झोपतो. पाणी उतरलं की हातमोजे घालून, गारठ्यात, गुडघाभर चिखलात ती तार सोडवायची, खांब परत ठोकायचे, तार ताणायची, आणि पुढच्या पुरात परत तेच. तोवर कालवडी तिथून आत शिरलेल्या असतातच.

बरं, त्रास नुसता आपल्यापुरता असता तर चाललं असतं. पण हेच दिवस कोहोच्या विणीचे, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. मादी आडवी होऊन शेपटीने खडे उडवते, खळगा करते, अंडी घालते आणि वरून खडे लोटते, ती जागा बाजूच्या शेवाळलेल्या खड्यांपेक्षा उजळ दिसते, पाणी नितळ असलं तर. पुरानंतर पाणी नितळ कुठलं. अंडी वसंतापर्यंत खड्यांखाली असतात आणि त्यावर पाय पडला की चिरडतात. म्हणजे माशांसाठी घातलेलं कुंपण दुरुस्त करायला मी बूट घालून माशांच्या अंड्यांवरून चालणार, हे काही मला पटेना. खांब काढायला पात्रात उतरावं की नको यावर बायकोशी वादही झालेत, ती म्हणते पडू दे वसंतापर्यंत, मी म्हणतो कालवडी उतरतील त्याचं काय.

खालच्या भागात कुंपण ओढ्यापासून लांब आहे, जरा उंचावर. पूर तिथेही येतो पण कचरा विलोच्या झुडपात आधीच गाळला जातो आणि तारेपर्यंत फक्त पाणी पोचतं, तेही संथ. तिथल्या खांबांना क्वचितच हात लावावा लागतो. क्रेपच्याही कटकटी आहेत, नाही असं नाही. रोपांना घातलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या पुरात वाहून जातात आणि शेजाऱ्याच्या शेतात जाऊन पडतात, व्होल नावाचे उंदीर बुंधे कुरतडतात, आणि बीव्हर आला तर तुमचा लाडका कॉटनवुड एका रात्रीत आडवा. बीव्हरवर मी फार चिडत नाही, त्याने अडवलेलं संथ पाणी कोहोच्या पिल्लांना हिवाळ्यात हवंच असतं. ओरेगनच्या ब्रिज क्रीकवर तर माणसांनी खांब ठोकून बीव्हरचे बांध उभे राहायला मदत केली आणि स्टीलहेडच्या (समुद्रात जाऊन येणाऱ्या ट्राउटच्या) पिल्लांचं उत्पादन १७५ टक्क्यांनी वाढल्याचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. पण शेजाऱ्याच्या कुरणात पाणी चढायला लागलं तर त्याला हे आकडे सांगून उपयोग नाही.

शेजाऱ्यांवरून आठवलं, बारीक पट्ट्याची बाजू खरी कुठे भक्कम आहे तर तिथे, जिथे ओढा म्हणजे मुळात खणलेला चर आहे आणि आजूबाजूच्या शेतांचं पाणी त्यातून निघतं. तो साफ करायला यंत्र आत न्यावं लागतं आणि दोन्ही काठांना जंगल उभं केलं तर वरच्या शेतकऱ्याचं बटाट्याचं नाहीतर कॉर्नचं शेत पाण्यात. तिथे एका काठाला बारीक पट्टा आणि दुसरा काठ यंत्रासाठी मोकळा, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या दुधाचा धंदा करणाऱ्याला आपण परवा येऊन मासे शिकवायचे नाहीत. आणि शेतकरी विरुद्ध मासे असं सरळ चित्रही नाही इथे, मन्रोला २००८ पासून शेणापासून वीज करणारा क्वाल्को प्रकल्प चाललाय तो टुलालिप ही इथली मूळ रहिवासी जमात, डेअरीवाले शेतकरी आणि सॅमनसाठी काम करणारी संस्था यांनी मिळून उभा केलेला आहे.

एक मात्र, दोन्हींतलं काहीही करण्याआधी तुमच्या खालच्या बाजूचे कल्व्हर्ट बघून घ्या. रस्त्याखालचा पाइप पाण्यापासून दोन-तीन फूट वर लटकत असेल तर मासा बहुतेक वर येणार नाही, मग सावली कुणासाठी.

बाकी लहान कुरण, नैसर्गिक वळणावळणाचा ओढा आणि निदान दहा वर्षं इथेच राहायचा बेत असेल तर मी क्रेपकडे झुकेन. कागदांचा कंटाळाच असेल आणि स्वतःच करायचं असेल तरी चालेल, फक्त कुंपण लांब घाला, रोपं थोडी कमी लावली तरी हरकत नाही. आणि कुंपणाची रेघ आखायला माणूस बोलवाल तर जुलैत नको, जानेवारीत बोलवा, झुडपांना किती उंचीवर आणि कुठवर गवत अडकलंय ते तेव्हा दिसतं, रेघ त्याच्या पलीकडे. रोपं लावायची वेळही लगेच पुढे येते, फेब्रुवारी-मार्च, आणि कॉन्झर्वेशन डिस्ट्रिक्टची स्थानिक झाडांची विक्री त्याच सुमाराला असते, सिडार लवकर संपतात.