अर्धवट लेखाचा 'शेवट भावला'

बारा हजार फीचे आणि साडेचार हजार आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, असे माझे साडेसोळा हजार रुपये एका लेखनवर्गाच्या फसवणुकीत गेले. आपल्या सोलापुरात लिहू पाहणारे बरेच आहेत, म्हणून सगळं सांगते.

माझी आई अक्कलकोट रोडच्या एका चादर कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळायची. तिच्या कामावर खरंखुरं लिहायचं, एवढीच माझी इच्छा होती. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आठ आठवड्यांत लेखक व्हा' अशी जाहिरात आली. 'प्रत्येक लेख संपादक स्वतः तपासतील' या एका वाक्यावर मी पैसे भरले.

लेख परत यायचा तो एका ओळीसकट: 'मांडणी सुंदर, भावना अजून ओता.' मी ओतत गेले. 'कष्टाचा यज्ञ', 'घामाची फुलं', काय काय लिहिलं! पाचव्या वेळी चुकून अर्धवट फाइल गेली. शेवटचं वाक्य 'आणि मग आईने' इथंच तुटलेलं. उत्तर आलं, 'शेवट विशेष भावला.'

तिथंच थांबायला हवं होतं. पण पुस्तक निघणार या आशेनं आयएसबीएनचेही पैसे पाठवले, आणि चार दिवसांत त्यांचा फोन नंबर बंद.

हिराचंद नेमचंद वाचनालयात एका निवृत्त सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, आयएसबीएन तर दिल्लीची सरकारी राजा राममोहन रॉय एजन्सी फुकट देते. पैसे कसले भरलेस?" सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर दीड महिना उलटला होता. लगेच केली असती तर रक्कम पुढच्या खात्यात कदाचित गोठवता आली असती.

फी भरण्याआधी त्यांनी तपासलेलं एक तरी पान मागा. कुठलं वाक्य खोडलं, समासात काय विचारलं, ते बघा. शिकवणारा वाक्याला हात लावतोच. सरांनी माझा यज्ञ आणि फुलं खोडली आणि बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, 'आई किती वाजता बसायची? उठताना कशी दिसायची?'

मी लिहिलं, 'आई सकाळी सहाला कांड्या भरायला बसायची. दुपारी उठायची तेव्हा तिच्या पापण्यांवर कापसाची पांढरी किनार असायची.'

रात्री आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सहा नाही गं, साडेपाच."