सिरॅमिक ब्रेसेस वर्षभर वापरून: हळदीचं कुणी सांगितलंच नव्हतं

परवा वरचं एक ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला तो तुकडा ज्यातून तार जाते, निघालं. चकली नाही, कडक भाकरी नाही, मऊ चपातीचा घास होता. क्लिनिकला गेले तर रिसेप्शनवर म्हणे सिरॅमिक ब्रॅकेट तुटलं तर आठशे रुपये, पॅकेजमध्ये येत नाही. मी म्हटलं अहो तुटलं नाही, सुटलंय, हे बघा अख्खं कागदात गुंडाळून आणलंय, नुसतं चिकटवायचंय. "मॅडम पॉलिसी आहे." बराच वेळ वाजलं, मागे पेशंट ताटकळले, शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि म्हणाले जुनं चिकटवता येतं पण पकड आधीसारखी राहीलच असं नाही, नवीन लावू, अर्धेच द्या. दिले चारशे. पण म्हटलं आता सगळं लिहूनच टाकते, कारण हे चारशे काहीच नाहीत, खरं दुखणं वेगळंय.

आमचं कोल्हापूर. मी बँकेत काउंटरला, वय तेहतीस, वर सिरॅमिक, खाली मेटल, चार प्रीमोलर (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) काढून. "खाली मेटल का" हे मला दहा जणांनी विचारलंय म्हणून सांगते, सिरॅमिक दाताच्या वरच्या आवरणापेक्षा, इनॅमलपेक्षा कडक असतं, चावताना वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर घासले तर दातच झिजतात, त्यामुळे माझ्यासारखा बाइट खोल असेल, म्हणजे वरचे दात खालच्यांना जास्तच झाकत असतील, तर खाली मेटलच लावतात. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. वरच्या सिरॅमिकचे पंधरा हजार जास्त घेतले ते एवढ्याचसाठी की काउंटरला बसल्यावर समोरच्याला दिसू नये.

आणि पहिल्याच आठवड्यात समोरच्याला काय दिसलं तर हळद.

नीट सांगते. सिरॅमिक ब्रॅकेट स्वतः पिवळं पडत नाही, ते दातासारखंच राहतं. पण तार त्यात धरून ठेवायला प्रत्येक ब्रॅकेटवर एक बारीक रबर असतं. सिरॅमिकवर शोभावं म्हणून ते पारदर्शक लावतात, आणि ते पॉलियुरेथेनचं, रंग शोषून घेतं. हळदीतला रंग तेलात विरघळतो आणि आपली फोडणी म्हणजे तेल-हळदच. मिसळ राहू दे, साधी आमटी दोन वेळा खाल्ली की सगळी रबरं लिंबाच्या सालीसारखी. घासून जात नाही, मी ब्रश, इंटरडेंटल ब्रश, बेकिंग सोडा सगळं करून बसले. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, पण तोंड उघडं टाकून गच्चीवर कोण बसणार! रबर बदलतात पुढच्या अपॉइंटमेंटला, म्हणजे चार-पाच आठवड्यांनी. म्हणजे महिन्यातले दोन दिवस पारदर्शक, बाकी दिवस पिवळे, आणि त्याचे पंधरा हजार.

मग घरात सुरू झालं. रबर बदललं की दोन-तीन दिवस तरी पांढरं खायचं ठरवलं, दहीभात, इडली, पांढरा रस्सा. आईला म्हटलं मटण शिजवताना हळद नको घालू. "हळदीशिवाय मटण? उग्र वास येतो, आणि दात तुझे एकटीचे, मटण सगळ्यांचं." विषय संपला. भाच्याला मेटल लावलेत, तो दर वेळी रंगीत रबरं लावून घेतो, शिवजयंतीला भगवी लावून आला होता. त्याला हळदीचं काय सोयरसुतक.

बाकी नेहमीचे प्रश्न पटापट. दुखतं का? तार लावल्यावर दोन-चार दिवस ठणकतं, वरणभात पण चावून होत नाही, मग विसरायला होतं. सुरुवातीची बारीक तार निकेल-टायटॅनियमची असते, माझी तर तोंडाच्या उष्णतेवर जोर धरणारी होती, थंडगार ताक प्यायलं की तेवढ्यापुरती ढिली पडायची, बरं वाटायचं. गालाला टोचलं तर मेण लावायचं. वयाचा प्रश्न नाही, हिरड्या नि हाड नीट हवं. पेरू फोडी करून खायचा, कणसाचे दाणे काढून, ऊस नि चिक्की विसरा. एवढा वेळ का लागतो म्हणाल तर दात ज्या बाजूला दाबला जातो तिकडचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन भरतं, महिन्याला साधारण एक मिलीमीटर, आणि काढलेल्या दाताची जागाच सात मिलीमीटरच्या आसपास. म्हणून "सहा महिन्यांत सगळं" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, आणि बीडीएसनंतर (दंतवैद्यकाची पदवी) ऑर्थोमध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, तीन वर्षांचं एमडीएस (पदव्युत्तर) केलेला डॉक्टर आहे का ते आधी विचारा. माझे आहेत, कामात खरंच हात चांगलाय, वेडेवाकडे सुळे आता ओळीत आलेत, हे मान्य करायलाच हवं.

तर मध्यंतरी मी खूश झाले होते. एकदा डॉक्टर नव्हते, ज्युनियर मॅडमनी माझं रडगाणं ऐकलं आणि रबराऐवजी बारीक स्टीलच्या तारेने ब्रॅकेट बांधून दिले. त्यावर हळद चढतच नाही! बारीक चंदेरी रेघ दिसते पण पिवळ्यापेक्षा लाख पटीने बरी. पैसे पण नाही घेतले. हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं म्हटल्यावर म्हणाल्या, बांधायला वेळ जास्त लागतो. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर चार स्टार दिले असते.

पण मग काढलेल्या दातांची जागा बंद करायची पाळी आली आणि पॉवर चेन लागली. ही रबराचीच अखंड साखळी, या दातापासून त्या दातापर्यंत. आता ठिपके नाहीत, आख्खी पिवळी पट्टी! परवा एक आजोबा पासबुक घेता घेता म्हणाले, "बाळ, सोन्याचे बसवलेस का?" करड्या रंगाची चेन मिळते, पुढच्या वेळी तीच मागणार. पण करडीच लावायची तर मेटलमध्ये काय वाईट होतं. रबर न लागणारे सेल्फ-लायगेटिंग सिरॅमिक पण असतात, त्याचा भाव ऐकून मी पाणी मागितलं.

त्यामुळे घरी रोज फोडणीचं जेवत असाल तर सरळ मेटल घ्या, उरलेल्या पैशात रिटेनर येईल. हो, रिटेनर. ब्रेसेस काढल्यावर तो लावायचाच असतो नाहीतर दात परत सरकतात, आणि माझ्या कागदावर शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलंय "रिटेनर चार्जेस एक्स्ट्रा". रिसेप्शनला विचारलं किती, तर म्हणे तेव्हाचा रेट तेव्हा. मी आकडा लिहून मागितलाय, अजून दिला नाही. आणि पारदर्शक ट्रेवाला रिटेनर घालून जेवायचं नसतं, तेवढं एक बरंय.