पसारा आवरण्याची ‘पाच गोष्टी’ पद्धत: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर सुरू केलेली ही पद्धत पावसाळा संपत आला तरी आमच्या घरात टिकून आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. पसारा आवरण्याच्या युक्त्या एरवी मोकळ्या रविवारी सुरू होतात. दुपारपर्यंत कपाटातला सगळा ऐवज पलंगावर येतो, संध्याकाळी पाहुणे येतात आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून तो तसाच्या तसा परत कपाटात जातो. ही पद्धत त्या जातीची नाही.

आधी घराची कल्पना देते. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसं पाच. आम्ही दोघं नोकरी करतो, थोरली तिसरीत, धाकटा बालवाडीत, आणि सासूबाई. सकाळी भांड्यांना मावशी येतात. संध्याकाळी सातला मी दार उघडते तेव्हा सोफ्यावर दप्तरं, टीपॉयवर चहाचे कप, खुर्चीवर कपडे, डायनिंग टेबलावर कुरिअरचे खोके आणि या सगळ्यातून पसरलेले खडू असतात. अंगात त्राण नसतं असं नाही, पण कुठून सुरुवात करायची तेच सुचत नाही आणि हातपाय गळतात. ज्यांना हे होतं त्यांच्यासाठी हा अनुभव आहे.

पद्धत के. सी. डेव्हिस या अमेरिकन समुपदेशक बाईंची. 2020 मध्ये, लॉकडाउनच्या काळात, दुसऱ्या बाळंतपणानंतर घर आवाक्याबाहेर जायला लागलं तेव्हा त्यांनी त्याबद्दल छोटे व्हिडिओ करायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं, की खोलीत कितीही पसारा दिसला तरी त्यात पाचच प्रकारच्या गोष्टी असतात. कचरा, भांडी, कपडे, जागा ठरलेल्या वस्तू आणि जागा न ठरलेल्या वस्तू. याच क्रमाने, एका वेळी एकच प्रकार उचलायचा. कचरा गोळा करताना फक्त कचरा दिसला पाहिजे, बाकीचं जिथे आहे तिथे राहू द्यायचं. भांडी सिंकपर्यंत न्यायची, घासायची नाहीत. कपडे टोपलीत टाकायचे, मशीन लावायचं नाही. मग जागा ठरलेल्या वस्तू जागेवर जातात आणि ज्यांना जागाच नाही त्यांचा एक ढीग होतो. तो सगळ्यात शेवटी बघायचा.

वाचायला फार साधं वाटतं. त्यातली खरी ताकद ‘घासायची नाहीत’ या दोन शब्दांत आहे. आपण कप उचलून सिंकपाशी जातो, तिथली कढई दिसते, ती घासायला घेतो, घासताना ओटा पुसावासा वाटतो, आणि अर्ध्या तासानंतर हॉल होता तसाच असतो. या पद्धतीत हात सुटतो तो असा भरकटण्यातून. शिवाय पहिल्या तीन प्रकारांत डोकं चालवावंच लागत नाही. बिस्किटाचा रिकामा पुडा ठेवायचा की टाकायचा, यावर विचार लागत नाही. दिवसभर ऑफिसात निर्णय घेऊन आलेल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. पसाऱ्यातली प्रत्येक वस्तू ‘माझं काय करतेस?’ असं विचारत असते आणि दमायला होतं ते त्या प्रश्नांनी.

कॅलिफोर्नियात 30 नोकरदार जोडप्यांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात या नवरा-बायकोंनी आपापलं घर फिरून दाखवलं आणि त्या वेळी ते काय बोलले ते तपासलं गेलं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त होती, त्यांच्यात कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दिवस सरताना जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. ‘हे अजून करायचं राहिलंय’ हे वाक्य मी स्वतःच्या घरात दिवसातून किती वेळा म्हणते ते माझं मला माहीत आहे, त्यामुळे मला हे वाचून नवल वाटलं नाही.

आता आपल्या घरात ती कशी चालते ते सांगते, कारण आहे तशी चालत नाही.

पहिला बदल कचऱ्यात. मूळ पद्धतीत एक मोठी पिशवी घेऊन सगळा कचरा त्यात भरतात. आपल्याकडे ओला आणि सुका वेगळा द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा. आमच्या भागात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या ताई दारात येऊन कचरा नेतात. मी एकत्र भरला तर तो कुणाला तरी हाताने निवडावा लागणार. त्यामुळे आम्ही दोन बादल्या घेऊन फिरतो. सुक्याची थोरलीकडे, ओल्याची माझ्याकडे. वेळ काही जास्त जात नाही.

भांड्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. रात्रीची भांडी खरकटं काढून, पाणी घालून ठेवली की झालं.

कपड्यांत मात्र ही पद्धत आपल्याकडे अपुरी पडते. टोपलीत जायला कपडा मळलेला हवा. आपल्याकडे खुर्चीवर जे साठतं ते ना मळलेलं ना स्वच्छ. एकदा घातलेली जीन्स, संध्याकाळी दोन तास नेसलेली साडी, इस्त्रीला द्यायचे शर्ट. यावर आम्ही बेडरूमच्या दारामागे खुंट्या ठोकल्या, प्रत्येकाला दोन. ‘पुन्हा घालायचे’ कपडे तिथेच, आणि खुंटी भरली की आधीचा कपडा धुवायला. इस्त्रीची पिशवी वेगळी, दाराच्या कडीला. खुर्ची तेव्हापासून बसायला मिळते. पावसाळ्यात तरीही हाल झालेच. जुलै-ऑगस्टमध्ये हॉलभर दोऱ्या, त्यावर न वाळणारे टॉवेल आणि मुलांचे युनिफॉर्म, त्याला कुठल्याच पद्धतीत उत्तर नाही. त्या दोन महिन्यांत कपड्यांचा प्रकार आम्ही सरळ सोडून दिला आणि बाकीचे चार चालू ठेवले. सगळं बंद पडण्यापेक्षा हे बरं, आणि एखादा प्रकार गाळला तरी पुढचा अडत नाही, ही मला तिची मोठी जमेची बाजू वाटते.

वेळ आम्ही ठरवून घेतलाय. रात्री जेवणं झाली की मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर, तेवढ्यात एक खोली. गजर वाजला की जे झालं ते झालं. गजर डेव्हिस बाईंच्या पद्धतीतला नाही, आमचा आहे. मुलांना त्यामुळे शेवट दिसतो आणि ती कुरकुर न करता उठतात. चौथा प्रकार, म्हणजे जागा ठरलेल्या वस्तू, बहुतेक तीच करतात. खडू डब्यात, कंपास दप्तरात, रिमोट टीव्हीखाली. धाकट्याला वाचता येत नाही म्हणून खेळण्यांच्या टोपल्यांवर चित्रं चिकटवली आहेत.

आता पाचवा प्रकार. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या घरातला खरा पसारा इथे आहे. हळदीकुंकवाचे वाण, बारशाची रिटर्न गिफ्ट, श्रीखंडाचे रिकामे डबे, साड्यांची कव्हरं, मोबाइलचे खोके, जुने चार्जर, देवळातून आलेले नारळ, आणि ब्लाउजपीस.

सासूबाईंच्या कपाटाचा खालचा ड्रॉवर ब्लाउजपीसांनी इतका गच्च होता की तो उघडायला गुडघा लावावा लागायचा. एका शनिवारी चहा घेऊन आम्ही दोघी खाली बसलो. काहींवर दुकानाची चिकटपट्टी तशीच होती, काहींच्या कडेला हळदीचा डाग, घडीच्या रेघेवर रंग उडालेला.

“आई, हे शिवायचे आहेत का तुम्हाला?”

“शिवायचे कसले! पण ओटीतले आहेत गं ते. टाकायचे कसे?”

मग त्यांनीच एकेक उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. हा नागपूरच्या वन्संनी दिलेला, तुमच्या लग्नात. हा डोहाळजेवणातला. मी काहीच बोलले नाही, नुसती ऐकत होते. तासाभराने त्यांनी स्वतःच तीन ढीग केले. धड असलेले पुढच्या ओट्या भरायला, सुती असलेले पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवायला, आणि दोन खरे इरकली खण नातीच्या परकर-पोलक्यासाठी. काहीही टाकलं गेलं नाही, तरी ड्रॉवर एका बोटाने उघडायला लागला.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. एकत्र राहणाऱ्या घरात जागा नसलेल्या वस्तूंची अडचण बहुतेकदा जागेची नसतेच. ती वस्तू कुणाची आणि तिचा निर्णय कुणी घ्यायचा, हे ठरलेलं नसतं. सुनेने टाकलं तर सासूला लागतं, बायकोने टाकलं तर नवरा नेमकी तीच वायर शोधत बसतो. मूळ पद्धत या बाबतीत गप्प आहे, बहुधा ती एकट्या आईला डोळ्यासमोर ठेवून सांगितलेली असल्यामुळे. म्हणून आम्ही शेवटच्या ढिगाचे माणसांनुसार भाग केले. प्रत्येकाची एक टोपली. जागा नसलेली वस्तू ज्याची, त्याच्या टोपलीत. शनिवारी ज्याने त्याने आपली टोपली मोकळी करायची, आणि दुसऱ्याच्या टोपलीबद्दल मत द्यायचं नाही. हा शेवटचा नियम पाळायला सगळ्यात कठीण आणि सगळ्यात उपयोगी आहे. यजमानांनी तीन शनिवार वायरी नुसत्या हलवल्या आणि चौथ्या शनिवारी बहुतेक ई-कचऱ्यात दिल्या, कुणी न सांगता.

टोपलीतून बाहेर पडणाऱ्या वस्तूंना वाट आधीच ठरलेली असली पाहिजे, नाहीतर ‘द्यायच्या’ पिशव्या दाराशी महिनोन्महिने पडून राहतात. रद्दी आणि भंगाराला माणूस आहेच. जुने कपडे, चपला, बंद पडलेली उपकरणं यांच्यासाठी ‘स्वच्छ’ची जुन्या वस्तू गोळा करण्याची शिबिरं होतात, त्याची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवते. बोहारीण आमच्या सोसायटीत येत नाही, आईंच्या माहेरच्या पेठेत अजून येते, तिकडे जुन्या साड्या जातात.

कागदांची आम्ही या सगळ्यातून वेगळी सोय केली. घराचं खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, विम्याच्या पॉलिसी एका लाल फाइलीत, तिला कुणी हात लावायचा नाही. महावितरणची बिलं ऑनलाइन दिसतात, ती साठवणं बंद केलं. गाडीचं आरसी बुक आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये आहेत, तरी मूळ कागद लाल फाइलीतच.

उणी बाजूही सांगायला हवी. या पद्धतीने सामान कमी होत नाही. ती आवरते, घटवत नाही. घरात येणारा ओघ तसाच राहिला तर टोपल्या भरतच राहणार. मी यंदा संक्रांतीला प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी गूळ पावडरची पाकिटं लुटली, म्हणजे निदान माझ्याकडून दुसऱ्या कुणाच्या घरात भर पडली नाही. पण रथसप्तमीपर्यंत माझ्याकडे आलेले डबे आलेच. माळ्याला या पद्धतीचा उपयोग नाही, तिथे सगळंच पाचव्या प्रकारातलं असतं. आणि धूळ, जळमटं, फरशी ही वेगळी कामं आहेत, ती यात धरू नका.

आणखी एक. एखाद्याला फाटका कागदसुद्धा टाकताना जिवावर येत असेल, खोल्या वापरता येईनाशा झाल्या असतील, तर तो पसाऱ्याचा प्रश्न नव्हे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 पासून वस्तू साठवत राहण्याच्या या आजाराची स्वतंत्र नोंद केली आहे. तिथे घरच्यांनी टोपल्या घेऊन मागे लागू नये, डॉक्टरांना भेटावं.

बाकी कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी टोपल्या-डबे विकत आणू नका, घरात असतात तेवढे पुरतात. पहिले आठ दिवस फक्त हॉल, आणि हॉलमधला फक्त कचरा आणि भांडी. कपड्यांना नवव्या दिवशी हात लावा. पाचव्या प्रकाराला घरातल्या सगळ्यांची सवय बसेपर्यंत लावूच नका, आणि लावाल तेव्हा आधी स्वतःची टोपली मोकळी करा.